ऐंशी अंशांवरची मंडळी

सरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, पीएच पेपरची गुंडाळी असे. आम्लता मोजायच्या त्या पिवळट पट्ट्या आपण सगळ्यांनी शाळेत पाहिलेल्या असतात; पण त्या खिशात घालून गावभर हिंडणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. एकदा इंदूरच्या राजवाड्याशेजारी आम्ही पानी-पताशे खात उभे होतो. पाणीपुरीला इथे पानी-पताशे म्हणतात. सरांनी द्रोणातल्या पाण्यात पट्टी बुडवली, उजेडाकडे धरली आणि तोंड वाकडं केलं.

"भिया, ज़हर नी है, पुदीना है," पताशेवाला दुखावल्या आवाजात म्हणाला.

"मालूम है. तीन के ऊपर जा रहा है तेरा. इमली बढ़ा," सर म्हणाले, आणि माझ्याकडे वळून मराठीत, "तीनला कोणीही जगते यार. दोनच्या खाली येऊन दाखवावं."

पीएचचा आकडा जितका खाली, तितकं पाणी आंबट. एवढं लक्षात ठेवलं की सरांचं निम्मं बोलणं समजत असे. हा त्यांचा विनोद आहे अशी माझी सहा महिने समजूत होती. मग लक्षात आलं की ते खरोखरच मोजत असतात.

अशा माणसांच्या आठवणी लिहिल्या जातात तेव्हा शेवटी तो माणूस मोठा ठरतो आणि लिहिणारा नम्र. मला यातलं दोन्ही जमण्यासारखं नाही. सरांनी तीस वर्षं जिवंत ठेवलेली एक गोष्ट मी दोन दिवसांत मारली, आणि त्या दोन दिवसांच्या कामाबद्दल मला कॉलेजकडून प्रशस्तिपत्र मिळालं. ते कसं, एवढंच सांगायचं आहे. पट्ट्या वगैरे ओघाने येतील.

मी सांगलीहून इंदूरच्या या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला आलो तेव्हा विभागात सर, मी आणि लॅब अटेंडंट मांगीलालजी असे तिघेच होतो. सर विभागप्रमुख होते, कारण दुसरं कोणी नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी मला टेबल दाखवलं नाही, हजेरीचं रजिस्टर दाखवलं नाही. थेट लॅबच्या कोपऱ्यात नेलं. तिथे एक जुना वॉटर बाथ होता, म्हणजे विजेवर तापणारी पाण्याची पत्र्याची पेटी. रंग उडालेला, कडा गंजलेल्या, आणि झाकणावर सरांचा जेवणाचा डबा गरम व्हायला ठेवलेला. डबा बाजूला करून त्यांनी झाकण उचललं. वाफ आली, आणि वाफेबरोबर काडेपेटीची काडी ओढल्यावर येतो तसला वास. आत तीन फ्लास्क पाण्यात अर्धे बुडालेले होते. त्यांत ताकाच्या निवळीसारखं काहीतरी गढूळ होतं.

"नमस्कार कर," सर म्हणाले. "ही आमची मंडळी."

मी गंमत म्हणून हात जोडले. सरांनी गंभीरपणे झाकण लावलं आणि डबा परत ठेवला.

"पुणेकर काय तू?"

"नाही सर, सांगली."

"सांगली म्हणजे पुण्याच्या पुढचं पुणंच," ते म्हणाले, आणि शेवटपर्यंत मला पुणेकरच म्हणत राहिले.

मंडळी जपानहून आली होती. तरुणपणी सर एका शिष्यवृत्तीवर सहा महिने तिकडे होते. एका ज्वालामुखीच्या उतारावर उकळत्या चिखलाची डबकी असतात. त्यांतलं पाणी लिंबाच्या रसाइतकं आंबट आणि हात घातला तर कातडी सोलून निघेल इतकं गरम. तिथे काही जगत असेल असं पाहणाऱ्याला वाटत नाही. पण त्यात एकपेशी जीव राहतात, गंधकावर जगतात, आणि त्यातून आणखी आम्ल तयार करून आपलं घर आपणच आंबट ठेवतात. त्यांना बॅक्टेरिया म्हटलेलं सरांना खपत नसे. "बॅक्टेरिया तुझ्या दह्यात. हे आर्किया. ह्यांचं खानदान अलग आहे."

असल्या एका डबक्यातलं पाणी सरांनी थर्मासात भरून आणलं. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं, "इसमें क्या है?" सर म्हणाले, "पानी." अधिकारी म्हणाला, "पीकर दिखाइए." पुढे काय झालं ते सर सांगत नसत. त्यांची मोठी बहीण, आक्का, सांगत असे, की तेव्हापासून याच्या भाजीत आमसूल घातलं काय नि न घातलं काय, याला कळत नाही.

पुढची तीस वर्षं मंडळी इंदुरात होती. ऐंशी अंशांच्या आसपास गरम पाणी, दोनच्या जरासं वरचं आम्ल, चिमूटभर क्षार, आणि दर पाचव्या दिवशी बदली. जुन्या फ्लास्कमधलं थोडं नव्या, ताज्या पाण्यात घालायचं. नाही घातलं तर ती आपल्याच मळात मरतात. हे काम सर कोणाला करू देत नसत. शिवाय वाफ होऊन पाणी सतत कमी होई, म्हणून दिवसातून चार वेळा बाथमध्ये भर घालायची. वीज गेली की मांगीलालजी कपाटातून आक्कांनी शिवलेली जाड दुलई काढत आणि विचारत, "सर, ओढ़ा दूँ?" सर मान हलवत. मग गंजक्या पेटीला चारी बाजूंनी दुलई खोचली जाई. बाहेरून कोणी आलं तर आत कोणी आजारी निजलंय असंच वाटे. एकदा एका पालकाने खरंच हळू आवाजात चौकशी केली होती.

मी त्यांना एकदा म्हटलं, "सर, एवढं करून हे जीव करतात काय?"

"काय करतात? जगतात."

"नाही, म्हणजे उपयोग?"

"तू काय करतो रे पुणेकर?"

हा प्रश्न मी त्यानंतर बऱ्याचदा स्वतःला विचारला आहे. उत्तर समाधानकारक नाही.

सर मल्हारगंजात राहत. खाली भांड्यांचं दुकान, वर दोन खोल्यांत ते आणि आक्का. दिवसभर खालून पितळेवर हातोडीचा आवाज येई आणि दोघं त्यावरून ओरडून बोलत. दुकान बंद असलेल्या दिवशीही तसंच ओरडून बोलत. घरात एक तलवार होती. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. पाहुण्यांनी तलवारीकडे आदराने पाहिलं की सर लगेच खुलासा करत, "फौजेत म्हणजे काय, घोड्यांना दाणा घालायचे. टायमावर. तेच खानदानी काम मी करून राहिलो."

आक्कांना रामेश्वरला जायचं होतं. लहानपणी वडिलांनी कबूल केलं होतं, मग नवऱ्याने, आणि नवरा गेल्यावर भावाने. पण इंदूर ते रामेश्वर जाऊन येणं पाच दिवसांत बसत नाही. "उज्जैनला ने म्हटलं तर नेतो," आक्का मला म्हणाल्या. "ग्वाल्हेरला भाच्याच्या लग्नाला आला तर वरातीतूनच स्टेशनावर गेला. पाचवा दिवस! माझ्या सगळ्या यात्रा त्या पाचव्या दिवसाने खाल्ल्या बघा."

"आक्का, मी रिटायर झालो की जाऊ ना," सर म्हणाले.

"तेव्हा मी चालीन का? आणि तुझी ती बाटली कोणाच्या पदरात घालशील?"

तो प्रश्न सरांना खरंच पडलेला होता.

माणसांनाही ते आकडे देत. प्रिन्सिपल मॅडम सात. "म्हणजे चांगलंच की," मी म्हटलं. "चांगलं काय त्यात? सातला ढेकूणही जगते." सत्कारसमारंभात भाषण ठोकणारे पाहुणे आठच्या वर, म्हणजे साबण. मी साडेपाच. "उम्मीद आहे," ते म्हणाले. कॉलेजात दर महिन्याला कोणाचा तरी सत्कार असे. शाल, श्रीफळ, आणि मागच्या बॅनरवर सत्कारमूर्तीपेक्षा मोठा प्रिन्सिपल मॅडमचा फोटो. सर शालीला हात लावत नसत. "मला गरम व्हायची गरज नाही, माझ्याकडे बाथ आहे," असं मॅडमना तोंडावर सांगत. या गावाच्या स्वच्छतेचा सगळ्यांना अभिमान आहे, आणि तो खोटाही नाही. पण सरांना त्यातही शंका. "स्वच्छ म्हणजे काय? आपल्याला जे आवडते तेवढंच जिथे जगते, ते स्वच्छ."

त्यांनी मंडळींवर एकच निबंध लिहिला होता. तो परत आला. तपासणाऱ्याने अशा चाचण्या मागितल्या होत्या, ज्यांची यंत्रं आमच्या कॉलेजात कोणी चित्रातही पाहिली नव्हती. सरांनी त्या निबंधाची घडी करून वॉटर बाथच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातली. सर असेपर्यंत बाथ कधी डुगडुगला नाही.

सरांचं म्हणणं असं, की ही जात जगात कुठेच नोंदलेली नाही. खरं होतं का, मला सांगता येणार नाही. पण ती परत मिळणार नाही हे मात्र खरं होतं. ज्या डबक्यातून पाणी आणलं ते नंतर दरड कोसळून बुजलं, असं तिकडच्या मित्राने त्यांना कळवलं होतं. जीव कायम गोठवून ठेवायचा तर उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर लागतो. आमच्याकडे तो नव्हता. म्हणजे जगात जे काही शिल्लक होतं ते त्या तीन फ्लास्कांत होतं. सूक्ष्मजीवांची नोंद करून ते जतन करणाऱ्या सरकारी संस्था असतात. सर अशा एका संस्थेला वर्षानुवर्षं पत्रं लिहीत होते. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना उत्तर आलं: जिवंत कल्चरच्या, म्हणजे वाढवलेल्या जिवांच्या, तीन नळ्या आणि भरलेला फॉर्म पाठवा.

सरांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचलं. मग म्हणाले, "मांगीलालजी, आज पोहे मेरी तरफ से." त्या दिवशी त्यांनी पोह्यांवरच्या लिंबाला पट्टी लावली नाही.

"आता कधी पाठवायचं सर?"

"महिनाअखेरीस. आधी दोन बदल्या करून ताजी मंडळी तयार करू. घाईने नाही." आणि थोड्या वेळाने, कोणाला उद्देशून ते कळलं नाही, "आता मी नसलो तरी चालते."

घरी जाऊन त्यांनी आक्कांना रामेश्वरच्या गाड्यांची चौकशी करायला सांगितलं.

आठ दिवस झाले नाहीत तोच त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेलो तेव्हा ते नाकातली नळी बाजूला करून बोलत होते आणि नर्स ती परत बसवत होती.

"सुन पुणेकर. बदली परवा. पाणी कमी होऊ द्यायचं नाही. आणि गरम ठेव, बस. ते गरम असतात तोवर आम्लाला दारावरून धक्के मारून बाहेर ठेवतात. थंड पडले की हात गळतात, तेच आम्ल आत घुसते, खलास. थंड करायचीच वेळ आली तर आधी खडूची पूड घालून आंबटपणा मारायचा. मगच थंड. समजला?"

"माहीत आहे सर."

"माहीत आहे ना? मग ठीक."

नर्सने नळी बसवली. सरांनी डोळे मिटले. एवढ्या वर्षांत मंडळी दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची ही त्यांची पहिली वेळ होती.

परवाची बदली मी नीट केली. फ्लास्क गढूळ झाले. सूक्ष्मदर्शकाखाली ओबडधोबड गोळे दिसले, बोटाने दाबलेल्या साबुदाण्यासारखे. मी फोटो काढून आक्कांच्या मोबाईलवर पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "दाखवला. हसला."

त्याच आठवड्यात कॉलेजात तपासणीची कमिटी येणार होती. कॉलेजला श्रेणी द्यायला बाहेरून तीन प्राध्यापक येतात, दोन दिवस राहतात आणि जातात. त्या दोन दिवसांसाठी कॉलेज असं काही नटतं की रोजची मुलं आत यायला बिचकतात. भाड्याच्या कुंड्या आल्या. जिन्यावर पायरीगणिक एक थोर विचार चिकटवला गेला. तळमजल्यावरून ग्रंथालयात पोचेपर्यंत माणूस संत व्हावा अशी योजना. स्वच्छतागृहांत साबणाच्या बाटल्या सुतळीने बांधल्या. आमच्या लॅबसाठी आकडे दाखवणारा नवा वॉटर बाथ आला, आणि त्याला लाल फीत बांधून मधल्या टेबलावर ठेवला.

आदल्या दिवशी प्रिन्सिपल मॅडम पाहणीला आल्या. कोपऱ्यातली वाफ पाहून थांबल्या.

"ये क्या चूल्हा लगा रखा है?"

"मॅडम, सरांचं कल्चर आहे. बंद करता येत नाही."

"हटाइए इसको. दो दिन के लिए स्टोर में डालिए. कमिटी क्या सोचेगी, यहाँ खिचड़ी पकती है?"

"मग हे फ्लास्क नव्या बाथमध्ये ठेवतो."

मॅडमनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "उसका उद्घाटन कमिटी के चेयरमैन साहब के हाथ से होना है. पहले से चालू कैसे कर सकते हैं?" आणि जाता जाता, "आपकी फाइल भी कमिटी के बाद ही मूव होगी, याद है ना?"

याद होतं. माझी नोकरी कायम व्हायची फाईल त्यांच्या टेबलावर होती. त्यांनी धमकी दिली असं मी म्हणणार नाही. त्यांनी आठवण करून दिली.

मांगीलालजींनी बाथचं बटण बंद केलं. मी फ्लास्क बाहेर काढले, रुमालाने पुसले आणि फ्रिजचं दार उघडलं.

इथे काय झालं ते मला नीट सांगितलं पाहिजे. सूक्ष्मजीव शिकलेल्या माणसाचा हात, कल्चर बाजूला ठेवायचं म्हटलं की फ्रिजकडे जातो. विद्यार्थीदशेपासून हेच शिकवलेलं असतं: चार अंशांवर सगळं झोपतं, सुरक्षित राहतं, हवं तेव्हा उठवता येतं. बाकीच्या जगातल्या माणसाने ते फ्लास्क टेबलाखाली लपवले असते, नाहीतर घरी नेले असते. चूक करायला शिक्षण लागतं, ते माझ्याकडे होतं. पाच दिवसांपूर्वी दवाखान्यात ऐकलेलं वाक्य मी विसरलो नव्हतो. ते डोक्यात होतं, आणि हात आपलं काम करत होते.

मांगीलालजी जुन्या बाथमधलं पाणी बादलीत काढत होते. ते थांबले. "साब, सर ने ठंडा करने को मना किया है."

"दो दिन की बात है मांगीलालजी. फ्रिज में सेफ रहेगा."

"आप पढ़े-लिखे हो," असं म्हणून त्यांनी बादली उचलली. त्यात टोमणा नव्हता. तो असता तर कदाचित मी दार परत उघडलं असतं.

खडूचा डबा फळ्याखाली होता. चार पावलांवर.

कमिटी आली. चेअरमनसाहेबांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, नवा बाथ चालू केला गेला. त्यात पाणी भरायचं राहिलं होतं. टेबलक्लॉथ भिजेल म्हणून भरलं नव्हतं. पाच मिनिटांत जळका वास सुटला आणि तो कायमचा बंद पडला. पण तोवर कमिटी चहाकडे निघाली होती. जाताना चेअरमनसाहेबांनी, का कोण जाणे, आमचा फ्रिज उघडला. ओळीने ठेवलेले फ्लास्क, नवी लेबलं, माझ्या सुवाच्य अक्षरात तारीख. "व्हेरी गुड," ते म्हणाले. "कल्चर्स प्रॉपरली स्टोअर्ड." त्यांच्याबरोबरच्या बाईंनी ते लिहून घेतलं. अहवालात ते वाक्य आहे. कॉलेजची श्रेणी वाढली, माझी फाईल मूव्ह झाली आणि मला लॅबच्या उत्तम व्यवस्थापनासाठी प्रशस्तिपत्र देण्यात आलं.

कमिटी गेली त्याच दुपारी मी जुना बाथ स्टोअरमधून आणवला, तापवला, तिन्ही फ्लास्कांमधून बदली केली. चार दिवस वाट पाहिली. पाणी आरशासारखं नितळ राहिलं. सूक्ष्मदर्शकाखाली गोळ्यांच्या जागी फिकट, फुटकी सालपटं होती.

मग मल्हारगंजात गेलो. सर दवाखान्यातून घरी आले होते आणि पलंगावर उशीला टेकून बसले होते. खाली हातोडी चालू होती. आक्कांनी चहा ठेवला आणि रामेश्वरच्या गाडीचा कागद माझ्या हातात दिला: "बघा हो, बरोबर आहे का? मला हे बारीक दिसत नाही."

मी कागद हातात धरूनच सांगितलं. हातोडीमुळे ओरडून सांगावं लागलं. असली गोष्ट ओरडून सांगावी लागते तेव्हा माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येतो.

सर रागावले नाहीत. त्यांनी चौकशी केली.

"किती तास?"

"पन्नासच्या आसपास."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"खडू?"

"नाही."

हातोडी थांबली होती. सर खिडकीकडे पाहत होते.

"फ्रिज का?"

"सवय, सर."

"हां. सवय." मग म्हणाले, "घरी नेऊन कुकरच्या गरम पाण्यात ठेवले असते ना, तरी दोन दिवस निभावलं असतं यार."

आक्कांनी माझ्या हातातला कागद हळूच काढून घेतला. "म्हणजे आता पाचवा दिवस नाही?" त्यांनी विचारलं. मग कागदाची घडी केली, आणि गाड्यांबद्दल परत काही बोलल्या नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती अर्धी टाकून सर कॉलेजात आले. निवृत्तीला पाच आठवडे होते. ते पाच आठवडे, दर पाचव्या दिवशी, ते नितळ पाण्यातून नितळ पाण्यात बदली करत राहिले. तारीख घालत, लेबल लावत, झाकण लावून डबा वर ठेवत. कधी आम्ल थोडं सौम्य करून पाहिलं, कधी गंधक बदललं, कधी फ्लास्क आठवडाभर हलवला नाही. वीज गेली की मांगीलालजी दुलई आणत आणि न विचारता पांघरत. मुलं काचेतून पाहत आणि निघून जात.

प्रिन्सिपल मॅडम एकदा म्हणाल्या, "सर, अब आराम कीजिए. क्यों तकलीफ़ उठा रहे हैं?"

"कन्फर्म करना पड़ता है, मैडम," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात धार नव्हती. आकडाही दिला नाही. अशी सातावर आलेली माणसं मी कॉलेजात रोज पाहतो. सरांना तिथे पाहायची सवय नव्हती.

निरोपसमारंभ झाला. सर येतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. ते वेळेवर आले. शाल पांघरली तशी राहू दिली, नारळ मांडीवर धरला, सगळी भाषणं ऐकली. एका वक्त्याने त्यांचा उल्लेख ज्वालामुखी असा केला. सरांनी मान डोलावली. इतक्या वर्षांत मला त्यांची एवढी काळजी वाटली नव्हती. समारंभानंतर लॅबमध्ये येऊन त्यांनी बाथ बंद केला, तीन फ्लास्क स्वतः धुतले, स्टँडवर उलटे ठेवले. मांगीलालजी म्हणाले, "रहने दो सर, मैं कर दूँगा." सर म्हणाले, "हो गया."

महिन्याभरात ते आणि आक्का ग्वाल्हेरला भाच्याकडे राहायला गेले. मल्हारगंजातल्या खोल्या भांड्यांच्या दुकानाने गोदामासाठी घेतल्या. मी दर दिवाळीला फोन करतो. आक्का उचलतात, तब्येत सांगतात, आणि म्हणतात, "झोपलाय." दिवसाच्या कोणत्याही वेळी फोन केला तरी सर झोपलेले असतात.

ते गेल्यावर विभागाच्या कपाटात मला त्या संस्थेची फाईल सापडली. संस्थेचं शेवटचं उत्तर वर लावलेलं होतं: कल्चर उपलब्ध झाल्यावर पुन्हा अर्ज करावा. त्याखाली परत आलेला फॉर्म. फॉर्मवरची तारीख पत्र आलं त्या दिवसाची, म्हणजे पोह्यांच्या दिवसाची. डिपॉझिटर, म्हणजे जीव जतनासाठी सोपवणारा, म्हणून दोन नावांची जागा असते. पहिल्या जागी सरांचं नाव होतं. दुसऱ्या जागी, पहिल्याच्या पश्चात ज्याने या जिवाची जबाबदारी घ्यायची त्याच्या जागी, सरांच्या तिरप्या अक्षरात माझं पूर्ण नाव होतं, माझ्या पदव्यांसकट. मला त्यांनी हे विचारलं नव्हतं. सांगितलंही नव्हतं.

तळाशी, नंतरच्या शाईत, अर्ज मागे घेण्याचं कारण होतं: डिपॉझिटरच्या निष्काळजीपणामुळे कल्चर नष्ट. आणि वरती माझं नाव खोडलेलं होतं. म्हणजे कागदावर डिपॉझिटर एकच उरतो, आणि निष्काळजीपणा त्याचा ठरतो. त्यांनी मला त्यातून सोडवलं, की मंडळींच्या नात्यातून काढून टाकलं, हे फॉर्मवरून समजत नाही. विचारायचं तर ते झोपलेले असतात.

प्रयोगवहीत चूक झाली तर ती गिरवून काळी करायची नसते, पांढरा रंगही लावायचा नसतो. पट्टी धरून एकच रेघ मारायची, शेजारी सही करायची, आणि खालचं वाचता आलं पाहिजे. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे आता मीच शिकवतो. सरांनी नियम पाळला आहे. रेघ सरळ आहे, शेजारी सही आहे, आणि खालचं माझं नाव पूर्ण वाचता येतं.